सोळा सेकंद

गेल्या महिन्यात एक मुदत ठेव मोडायला बँकेत गेले होते. काउंटरपलीकडच्या बाई पन्नाशीच्या, अंगात एसीसाठीचा राखाडी स्वेटर, कीबोर्डशेजारी रुमालावर ठेवलेली दोन चाफ्याची फुलं. त्यांनी माझी पावती डाव्या हाताने सरळ केली, नजर पावतीवरच, आणि उजवा हात आपला आपण कीबोर्डच्या वरच्या रांगेत गेला. एक कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्यांनी मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि शेजारणीची वस्तू उचलावी तसा माउस हातात घेतला. "सॉरी हं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विलीनीकरणानंतर सॉफ्टवेअर बदललं ना. बोटांना अजून कळलेलं नाही." मी विचारलं, कधी बदललं? "झाली की चार-पाच वर्षं." माझ्या मागच्या गृहस्थांनी घड्याळ बघत मोठ्याने सुस्कारा सोडला. बाईंनी तो ऐकला, आणि बाण मेनूच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरवत राहिल्या.

पैसे खात्यात जमा झाले, मी बाहेर पडले, रिक्षाही लगेच मिळाली, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बोटं म्हणजे कुणाची तरी मंद मुलं आणि त्यांच्या वतीने आपण ओशाळायचं, असा त्यांचा सूर होता. सॉफ्टवेअर कुणी ठरवलं, ठरवताना यांना कुणी विचारलं होतं का, यातलं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आणि मला आठवत राहिली ती आमच्या संस्थेच्या जुन्या इमारतीतली टेलेक्सची, म्हणजे इकडे टाइप केलेलं तारेवरून पलीकडच्या यंत्रावर छापणाऱ्या यंत्राची, खोली. तिथे एका माणसाने मला नेमकं असंच सॉरी म्हटलं होतं. तेव्हा ठरवणारी मी होते.

१९९४ साली एमएस्सी करून मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात लागले. वय चोवीस, हुद्दा लांबलचक, आणि काम एकच. एका यंत्राला जिवंत ठेवायचं. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं यंत्र, मी यायच्या आधीच चार-पाच वर्षं जुनं झालेलं, आत मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर आणि १६ एमबी मेमरी. आज फोनमधले चार-पाच फोटो तेवढी जागा खातात. त्या १६ एमबीत साठ-पासष्ट माणसांची खाती होती आणि इमारतभर पसरलेली सोळा टर्मिनलं, म्हणजे यंत्राला जोडलेले नुसते पडदे आणि कीबोर्ड, पिवळसर अक्षरांची. यंत्राची खोली हे संस्थेतलं एकमेव थंडगार ठिकाण. बाहेर चपला काढून आत जायचं, देवळात जावं तसं, आणि मे महिन्यात तिथे काही ना काही निमित्त काढून भक्तांची ये-जा वाढायची. स्वतःचा संगणक कुणाचाच नव्हता. सगळे मिळून एकाच यंत्रात राहायचे, वाड्यात राहावं तसे. दुपारी तीनच्या सुमारास एखाद्याने फोरट्रान भाषेतलं मोठं गणित लावलं की बाकीच्यांनी टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला जरा वेळ लागायचा. मग कॉरिडॉरमधून आरोळी, "कोण चालवतंय रे?" नळाचं पाणी बारीक झालं की वाड्यात ओरडतात, तीच पट्टी.

ईमेल रात्री यायची. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेटचं जाळं तोवर देशभर पसरत होतं, पण आमच्या वाट्याला त्यातला फक्त मोडेमचा तुकडा आला होता. रात्री अकरा वाजून गेले की एसटीडीचा दर पाव व्हायचा, तेव्हा आमचं यंत्र आपलं आपण मुंबईला फोन लावायचं. जुहूला एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संशोधन संस्था होती, तिच्या यंत्रांची नावं शक्ती, संगम अशी. मला ती नावं फार आवडायची, बाहेरून आलेल्या पत्रांच्या शीर्षभागात ती दिसली की बरं वाटायचं. मोडेमची ती शीळ, मग खरखर, मग शांतता; पलीकडची पत्रं अलीकडे, अलीकडची पलीकडे. पावसात ओळ तुटायची आणि सगळं दुसऱ्या दिवसावर जायचं. सकाळी नऊला मी कुलूप उघडायच्या आत दाराशी दोन-तीन शास्त्रज्ञ उभे. "काही आलं का?" पोस्टमनला विचारतात तसं.

पत्र वाचायचा प्रोग्रॅम ज्याचा त्याचा वेगळा होता. कुणी मूळच्या मेलएक्सवर, कुणी अमेरिकेतून पीएचडी करून येताना बरोबर आणलेल्या सवयीवर. त्यामुळे मला दिवसभर बोलावणी. १९९५च्या जानेवारीत आमचे विभागप्रमुख म्हणाले, "एक काहीतरी ठरवा. एकच. आणि सगळ्यांना तेच." एका चोवीस वर्षांच्या मुलीला हे वाक्य किती गोड लागतं, ते मला आज कबूल करायला हरकत नाही.

मी तीन आठवडे घेतले. समोर पाच पर्याय होते आणि प्रत्येकाबद्दल माझी ठाम मतं होती, त्या वयात मतं ठामच असतात. मेलएक्स तर यंत्रात होताच. प्रश्नचिन्ह दाखवून गप्प बसायचा, तुम्ही एक अक्षर टाइप केलंत की तेवढंच करायचा. एच म्हटलं की यादी, आकडा टाकला की पत्र, डी म्हणजे पुसलं, एस म्हणजे ठेवून दिलं. माझ्या मते हे म्हाताऱ्यांचं हत्यार. दुसरा एमएच, रँड कॉर्पोरेशनमध्ये जन्मलेला. त्यात मेलचा असा वेगळा प्रोग्रॅमच नाही, एकेका कामाला एकेक सुटी आज्ञा, आणि प्रत्येक पत्र म्हणजे एक वेगळी फाइल. त्याचं मनातून मला कौतुक होतं, पण संस्थेच्या लेखा विभागातल्या माणसांना ते शिकवत बसायची कल्पना करवेना. ईमॅक्स या अवजड संपादकातून पत्रं वाचणारा एकच प्राध्यापक होता, आणि त्याने ईमॅक्स उघडलं की बाकीच्यांना कळायचं. 'आठ मेगाबाइट आणि अखंड अदलाबदल' अशी ईमॅक्सच्या नावाची फोड करणारा विनोद जगभर चालायचा, म्हणजे ते इतकी मेमरी खातं की यंत्र सारखं डिस्ककडे धावतं. आमच्या १६ एमबीत तो विनोद राहिला नव्हता. उरले एल्म आणि पाइन.

एल्म १९८६चं, ह्यूलेट-पॅकार्डमधल्या डेव्ह टेलरने लिहिलेलं. पूर्ण पडदा वापरणारं, देखणं, चपळ. ते आपल्या यंत्रावर बांधायला, म्हणजे मूळ कोडवरून चालता प्रोग्रॅम तयार करायला, घेतलं की आधी एक स्क्रिप्ट तुमची उलटतपासणी घ्यायची: तुमचं यंत्र कुठल्या कुळातलं, अमुक आहे का, तमुक कुठे ठेवलंय, लग्नाला मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई बऱ्या. पाइन सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं. १९८९ साली त्यांनी एल्मलाच हात घालून सुरुवात केली होती, ते ऑफिसात काम करणाऱ्या, युनिक्सशी देणंघेणं नसलेल्या मंडळींसाठी, आणि पुढे सगळं नव्याने लिहिलं. पडद्याच्या खालच्या दोन ओळींत कायम पाटी: अमुक कळ दाबा, तमुक होईल. चुकीचं काही करायला निघालात तर विचारायचं, नक्की ना? शिवाय १९९२ नंतर पत्राला फाइल जोडून पाठवायची एमआयएमई नावाची पद्धत आली होती. परदेशातले सहकारी आता तशी पत्रं धाडायला लागले होते, मेलएक्समध्ये ती उघडली की पानंच्या पानं निरर्थक अक्षरांचा भुगा. पाइन ती नीट सोडवून द्यायचं. एवढा एक मुद्दा खरोखर भक्कम होता. बाकीचे मी त्याच्या आधाराने उभे केले.

बांधताना मात्र पाइनने रडवलं. त्याच्याकडे निरनिराळ्या यंत्रांसाठी तीन-तीन अक्षरांची सांकेतिक नावं होती, त्यातलं आपलं निवडायचं आणि बिल्ड म्हणायचं. आमच्या देशी यंत्राचं नाव त्या यादीत कुठून असणार? जवळचं भावंड शोधलं आणि एकेक चूक दुरुस्त करत बसले. रात्री साडेदहाला शेवटची चूक गेली, पडद्यावर पाइनचा मुख्य मेनू आला, आणि खोलीत कुणी नसताना मी टाळी वाजवली. अर्ध्या तासाने मोडेमने फोन लावला. तो आवाज ऐकत घरी गेले.

विभागप्रमुखांना मी दीड पानाचं टिपण दिलं. शिकायला सोपं, चुकीला जागा कमी, फाइल जोडता येतात, नव्या माणसाला दहा मिनिटांत जमेल. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

फक्त, या सगळ्यामुळे मला येणारी बोलावणी कमी होतील, हे त्यात लिहिलं नव्हतं.

आता टेलेक्सकाका. त्यांचं नाव इथे नको, आणि तसंही संस्थेत त्यांना त्या नावाने कुणी हाक मारत नसे. तारखात्यात काही वर्षं काढून ते संस्थेत टेलेक्स ऑपरेटर म्हणून आले ते सत्तरच्या दशकात. बागेपलीकडच्या जुन्या इमारतीत त्यांची खोली. आत ते अवजड यंत्र, तेलाचा आणि तापलेल्या शाईच्या फितीचा वास, भिंतीवर कालनिर्णय आणि देशांच्या टेलेक्स क्रमांकांचा तक्ता. टेलेक्स धावायचा ५० बॉडने, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं, आणि काकांची बोटं त्याच्याशी सम साधून चालायची, ना पुढे ना मागे. ईमेल आली तेव्हा संस्थेने सोयीस्करपणे ठरवलं की परदेशी पत्रव्यवहार काकांचा, तर हेही काकांचं. ज्यांना टर्मिनलवर बसायचा कंटाळा ते मोठे लोक कागदावर मजकूर लिहून शिपायाकरवी काकांकडे पाठवायचे; काका टाइप करायचे, उत्तर आलं की छापून ज्याच्या त्याच्या खणात घालायचे. सगळा मजकूर मोठ्या लिपीत, कारण टेलेक्सला दुसरी लिपीच नव्हती, आणि शेवटी रिगार्ड्सऐवजी आरजीडीएस. जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने एकदा आमच्या संचालकांना नम्रपणे विचारलं होतं की आपण माझ्यावर रागावला आहात का.

काकांना ईमेलचं एकच पटत नसे. टेलेक्समध्ये पलीकडचं यंत्र स्वतःची खूण परत पाठवतं, तिला आन्सरबॅक म्हणतात. जोडणी झाली की एकदा आणि मजकूर संपला की एकदा खूण मागायची. ती आली म्हणजे कागद पलीकडे उमटला. कोर्टातसुद्धा चालतं, काका सांगायचे. "तुमच्या याच्यात काय? पत्र दिलं सोडून. गेलं तर गेलं." म्हणून त्यांनी स्वतःची व्यवस्था लावली होती. त्यांच्या टर्मिनलच्या पाठीमागे एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला, पडद्यावर जे जे उमटेल ते ते सलग कागदावर उतरायचं. काकांनी काय टाइप केलं, यंत्र काय म्हणालं, रांगेत किती पत्रं उरली, सकाळी किती गेली. कडेला भोकं असलेला तो लांबच लांब कागद ते महिन्याच्या शेवटी घडी घालून दोऱ्याने बांधायचे आणि वर तारीख घालायचे. मेलएक्स ओळीमागून ओळ लिहीत जातो, मागे वळून काही पुसत नाही. त्यामुळे ते जमायचं. मला हे माहीत होतं. म्हणजे डोळ्यांना माहीत होतं, मी तो गठ्ठा कितीदा तरी पाहिला होता.

एक बाजूची गोष्ट सांगून टाकते. जुन्या युनिक्सात एका माणसाची सगळी पत्रं एकाच लांब फाइलीत एकाखाली एक ठेवलेली असत, आणि नवं पत्र सुरू झालं हे ओळखायची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी असलेला 'फ्रॉम' हा शब्द. मग पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ फ्रॉमने सुरू झाली तर? यंत्र त्याच्या आधी एक बाणाचं टोक लावून मोकळं व्हायचं. पाहुण्याला लिहिलेल्या 'फ्रॉम पुणे स्टेशन टेक अ रिक्षा' या ओळीला असा बाण चिकटलेला काकांनी उत्तरात आलेल्या प्रतीत पाहिला आणि कागद घेऊन थेट माझ्याकडे आले. "मॅडम, माझ्या मजकुराला कुणीतरी हात लावलाय." मी हसत समजावलं. ते हसले नाहीत. मजकुराला वाटेत हात लागणं ही तारखात्यातल्या माणसाच्या लेखी हसण्याची गोष्ट नव्हती. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. त्या यंत्रावर मला कुणाचीही पेटी उघडता आली असती, साठ-पासष्ट माणसांना हे ठाऊक होतं आणि कुणीच ते बोलत नसे. पत्ता चुकलेली पत्रं परत फिरून माझ्याच नावावर यायची. त्यात एकदा एका सहकाऱ्याचा राजीनाम्याचा मसुदा आला, त्याने अजून बायकोलाही सांगितलं नसावं. मी ते डोळे बारीक करून, फक्त पत्ता दिसेल असं वाचायला शिकले. डोळे बारीक केल्याने फारसं काही अदृश्य होत नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री मी बदल केला. नुसतं पाइन बसवून थांबले असते तर ही गोष्ट नसती. पण सगळ्यांना तेच, असं ठरलं होतं. म्हणून मी यंत्रात अशी सोय केली की कुणी जुन्या सवयीने 'मेल' किंवा 'मेलएक्स' टाइप केलं तरी उघडेल पाइनच. मूळचा मेलएक्स दुसऱ्या नावाने एका कोपऱ्यात हलवून ठेवला, ते नाव फक्त मला माहीत. सोमवारी सगळ्या टर्मिनलांवर एकेक पान चिकटवलं. पहिला आठवडा गोंधळाचा, दुसरा कौतुकाचा. लेखा विभागातल्या बाईंनी पहिल्यांदा आपण होऊन मुलाला अमेरिकेत पत्र पाठवलं आणि मला डब्यातली पुरणपोळी दिली. बोलावणी खरंच कमी झाली. काका एकदा भेटले तेव्हा मी विचारलं, जमतंय ना? "जमतंय की," ते म्हणाले. "पण नावं काय ही, एल्म काय, पाइन काय. सगळी त्यांच्याकडचीच झाडं. एखादी चिंच नाही का तुमच्याकडे?" आम्ही दोघंही हसलो. मी ते उत्तर धरलं आणि पुढे गेले.

जुलैत मोठा पाऊस झाला. बागेतून गेलेल्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलं आणि काकांचं टर्मिनल बंद पडलं. ही केबल आधीपासूनच जिवावर उदार. त्या जातीची जोडणी साधारण १५ मीटरपर्यंत चालावी अशी असते, आमची दोनशे मीटरच्या आसपास खेचलेली. ९६०० बॉडच्या वेगाने अक्षरं फाटायची, म्हणून मीच कधीतरी तो वेग उतरवून १२००वर आणला होता. १२००वर स्वच्छ चालायचं. ते मी विसरूनही गेले होते. इलेक्ट्रिशियनने सांधा सुकवून पुन्हा बांधला, आणि तपासायला म्हणून मी पहिल्यांदा काकांच्या खुर्चीत बसले. 'मेल' टाइप केलं.

पडदा रिकामा झाला. मग वरची ओळ उमटायला लागली, डावीकडून उजवीकडे, अक्षर न् अक्षर दिसेल अशी. मग दुसरी. मला वाटलं केबल अजून ओली आहे. तिसरी ओळ. बाहेर पागोळ्यांचा आवाज. माझ्या खोलीतल्या टर्मिनलवर पाइन डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उभं राहायचं, ते इथे रांगोळी काढल्यासारखं एकेक ओळ भरत होतं. मी मनात हिशेब केला. २४ ओळी, ८० अक्षरं, काठोकाठ भरला तर १९२० अक्षरांचा पडदा. १२००च्या वेगाने सेकंदाला १२० अक्षरं. सोळा सेकंद. पत्र उघडलं की सोळा. ते वाचून यादीकडे परतलं की पुन्हा सोळा. चुकून भलती कळ लागली आणि मदतीचं पान उघडलं, की जाताना सोळा, येताना सोळा. काका दिवसाला तीस-चाळीस पत्रं हाताळायचे.

ते दारापाशी छत्री झटकत उभे होते. "केबल ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "हे असंच असतं. थोडा वेळ लागतो त्याला." टर्मिनलशेजारी चहाचा कप होता, त्याच्या खाली घडी घालून ठेवलेला सकाळ, कोडं अर्धं सोडवलेलं. कळ दाबायची आणि एक आडवा शब्द शोधायचा, तोवर पडदा भरतो. पाच महिन्यांत माणसाने स्वतःची लय नव्याने बसवली होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? तेव्हा ते खरोखर ओशाळले. "सॉरी. मला वाटलं माझ्याच हाताला वेग राहिला नाही. बाकी सगळे तर खूश आहेत. एका माणसासाठी काय बोलायचं?"

मग मला प्रिंटरच्या खालचा कागद दिसला. काकांनी प्रिंटर बंद केला नव्हता. पाइन पडद्यावर इकडून तिकडे उड्या मारत लिहितं आणि त्या उड्यांच्या खुणा टर्मिनलला कळतात, प्रिंटरला कळत नाहीत. कागदभर अर्धवट कंस, २४ आणि १ असे सुटे आकडे, मधेच एखाद्याचं नाव, त्यावर दुसऱ्या पत्राची तारीख छापलेली, खालच्या पाटीतल्या त्याच त्या दोन ओळी शेकडो वेळा. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. पाच गठ्ठे, घडी घातलेले, दोऱ्याने बांधलेले, वर तारखा. वाचण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. तरी बांधले होते.

"आणि जुनी पत्रं," ते म्हणाले, आता बोलायला लागलेच होते म्हणून. "ती गेली ना?" काका प्रत्येक महिन्याची पत्रं मेलएक्समधून आपल्या घरच्या डिरेक्टरीत एकेका फाइलीत ठेवून द्यायचे. पाइन बघतं ते फक्त 'मेल' नावाच्या स्वतःच्या कप्प्यात. फाइली जिथल्या तिथे होत्या, दाखवणारं दार मी बदललं होतं. मी त्यांना त्या एका आज्ञेत काढून दाखवल्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून एकेक नाव मोठ्याने वाचलं. पाच महिने हा माणूस समजून चालला होता की सगळं पुसलं गेलंय. तेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मेलएक्स जागेवर आणला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांचा प्रिंटर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शहाण्यासारखा लिहू लागला, पण फेब्रुवारी ते जूनचे गठ्ठे त्यांनी टाकले नाहीत, इतरांच्या रांगेतच ठेवले. त्यानंतर बरोबर महिन्याभरात, १५ ऑगस्टला, सरकारी दूरसंचार कंपनी व्हीएसएनएलने सगळ्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. ज्यांनी टेक्स्टचं, म्हणजे चित्रांविना नुसत्या अक्षरांचं, खातं घेतलं त्यांच्यासमोर पाइनच उघडलं. सहकाऱ्यांनी माझी पाठ थोपटली, बघ, तुझीच निवड देशाने केली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. निवड चांगलीच होती. आजही मेलएक्स आणि पाइन यांतलं एक नवख्याच्या हाती द्यायचं तर मी पाइनच देईन. मेलएक्स कोपऱ्यात लपवण्याची गरज मात्र कशासाठीच नव्हती. त्याने जागा खाल्ली असती ती किती, शे-दीडशे केबी.

काका पुढे दोन वर्षांनी निवृत्त झाले. टेलेक्सचं यंत्र भंगारात गेलं, त्याच्या वजनावरून भंगारवाल्याशी बरीच घासाघीस झाली. गठ्ठ्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मी स्वतः नोकरी बदलली, मग शहर, मग पुन्हा पुण्याला आले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझ्यासाठी मेलचं सॉफ्टवेअर ठरवून ठेवलेलं असायचं, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या सोमवारी ते बदललेलं असायचं, वर शुभेच्छांचं एक रंगीत पान. सिएटलवाल्यांनी २००७ साली पाइनचा नवा अवतार काढला, अल्पाइन. तो मी घरच्या लॅपटॉपवर ठेवलाय, कधीमधी उघडते. बाकी वेळ ब्राउझरमध्ये. पत्र लिहून झालं की अजूनही माझी बोटं कंट्रोल आणि एक्स दाबतात, पाइनमध्ये त्याने पत्र जायचं. इथे काहीच होत नाही. कधी मजकूर निवडलेला असला तर तो सगळा नाहीसा होतो. मुलगी म्हणते, आई, ते कट आहे, सेंड इकडे. मला माहीत असतं.

परवा पुन्हा बँकेत गेले, दुसऱ्या ठेवीसाठी. त्याच बाई होत्या, रांग नव्हती, जेवणाची वेळ व्हायची होती. हात वरच्या रांगेत गेला आणि थबकून माउसकडे वळला. मी विचारलं, "आधी कुठली कळ होती हो?"

त्यांनी चमकून वर पाहिलं. मग शेजारच्या काउंटरवर कुणी नाही ना बघून घेतलं. "एफ फोर. एफ फोर मारलं की खातं समोर, टॅब-टॅब-टॅब की ठेवी, मग इथे वाय, की झालं. मान वर करायला लागायची नाही." सांगता सांगता त्यांनी कीबोर्ड जरा पुढे ओढला आणि मला दाखवण्यासाठी तो सगळा क्रम एकदा, कळांना न लागता, वरच्या वर वाजवून दाखवला. चार-पाच सेकंद लागले असतील. स्क्रीनवर अजून गोल फिरत होतं.